हिरड्यांसाठी एक रकाना

प्रति,
सन्माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई



“दोन, तीन, दोन. तीन, तीन, चार. पाच, सहा, सात.”

गेल्या वर्षी एका दंत महाविद्यालयाच्या खुर्चीत मी आ वासून पडले होते आणि एक विद्यार्थिनी माझ्या तोंडात बारीक सळई घालून हे आकडे मोठ्याने सांगत होती. दुसरी ते कागदावर मांडत होती. एकतीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत मी मुलांची हजेरी घेतली. त्या दिवशी माझ्या दातांची हजेरी चालली होती. एकेका दाताला सहा ठिकाणी सळई लावायची. तोंडात दात सव्वीस, म्हणजे आकडे एकशे छप्पन्न. मास्तरकीची सवय, म्हणून सुरुवातीला मला वाटले जितके जास्त तितके चांगले. पण “सात” ऐकल्यावर लिहिणाऱ्या मुलीने मान वर करून माझ्याकडे पाहिले, तेव्हा कळले की इथले गणित उलटे आहे.

दात आणि हिरडी यांच्यामध्ये एक उथळ फट असते. ती तीन मिलिमीटरपर्यंत असली तर ठीक. त्यापुढे ती फट राहत नाही, खिसा होतो; डॉक्टर मंडळी त्याला ‘पॉकेट’च म्हणतात. त्या खिशात जंतूंचा थर साचतो, थराचे किटण होते, आणि शरीर त्याच्याशी झुंजता झुंजता दाताला धरून ठेवणारे आपलेच हाड पोखरत जाते. माझ्या सातचा अर्थ हा होता. यात दुखत काही नाही, हीच खरी अडचण. किडका दात रात्री झोपू देत नाही, म्हणून माणूस सकाळी डॉक्टरकडे पळतो. हिरडी बिचारी फक्त थोडे रक्त दाखवते.

मंत्रिमहोदय, ते रक्त माझ्या बेसिनमध्ये मी अकरा वर्षे पाहत होते. आणि तीच अकरा वर्षे मी मधुमेहाच्या सरकारी बाह्यरुग्ण विभागात जात होते. तिथे माझे पाय बघतात, बोटांच्या बेचक्यांत जखम आहे का विचारतात. डोळ्यांच्या पडद्याच्या तपासणीची चिठ्ठी देतात. मूत्रपिंडासाठी लघवी तपासतात. वजन, रक्तदाब, साखर, सगळ्यांना रकाने आहेत. हिरड्यांना रकाना नाही, म्हणून कोणी विचारले नाही. कोणी विचारले नाही, म्हणून मी सांगितले नाही. साखरेच्या डॉक्टरपुढे दातांचे रडगाणे कशाला, असे मलाही वाटायचे.

हे पत्र त्या एका रकान्यासाठी आहे.

आधी माझ्या आईबद्दल सांगते, कारण आमच्या घरात हा आजार माझ्यापासून सुरू झालेला नाही. आई मशेरी लावायची. पहाटे चुलीवर तवा ठेवून तंबाखूची पाने काळी होईपर्यंत भाजायची, हाताने चुरायची आणि पितळी डबीत भरायची. तो वास नाकात गेला की आम्हा भावंडांना ठसका लागून जाग यायची. उजव्या हाताच्या तर्जनीने ती हिरड्या चोळायची, दिवसातून चार वेळा, आणि म्हणायची की याने दात घट्ट राहतात. पन्नाशीच्या आत तिचे पुढचे चार दात एकामागून एक गळाले. एक तर भाकरीत अडकून आला. तिने तो पदराला पुसून कोनाड्यात ठेवला आणि उरलेली भाकरी आमटीत कुस्करून खाल्ली. दुखले नाही, म्हणाली. वय झाले की दात जायचेच, हे आमच्या गावातले त्या वेळचे वैद्यकशास्त्र होते, आणि खरे सांगायचे तर आजही फारसे बदललेले नाही.

मंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला केंद्र सरकारने १९९२ मध्ये बंदी केली. पण तव्यावरच्या मशेरीला कारखाना नाही आणि परवानाही नाही, त्यामुळे तिच्यावर छापा कुठे घालणार? २०१६-१७ च्या देशव्यापी तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेतात असे निघाले, आणि त्यातले बहुतेक जण ओढणारे नसून तोंडात धरणारे आहेत. जे बिडी-सिगारेट ओढतात त्यांची गोष्ट आणखी फसवी. निकोटिनने हिरड्यांतल्या रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे आत हाड झिजत असले तरी वर रक्त कमी दिसते. म्हणजे जो एकच इशारा मिळायचा, तोही बंद.

आता उपचाराकडे येते. त्याच्या नावानेच त्याचा घात केला आहे. ‘दात साफ करणे’, ‘क्लीनिंग’, ‘पॉलिश’. गाडी धुऊन आणावी तसे काहीतरी. लग्न ठरलेल्या मुलीने करावे, निवृत्त बाईने कशाला? माझ्या सुनेने पहिल्यांदा सुचवले तेव्हा मीच म्हणाले होते, “या वयात मला काय फोटो काढायचेत?” माझ्या आरोग्य विम्याच्या कागदांतही तोच न्याय. अपघातात दात पडला तर भरपाई आहे, आजाराने पडला तर नाही.

माझ्या हिरड्यांना जे केले त्याचा सौंदर्याशी संबंध नव्हता. पहिल्या दिवशी हिरडीच्या वरचे किटण काढले. त्या यंत्राचे टोक सेकंदाला पंचवीस-तीस हजार वेळा थरथरते आणि त्यातून सतत पाणी उडते. कानात डास शिरल्यासारखा आवाज येतो, गालाच्या कोपऱ्यात पाणी ओढणारी नळी गुरगुरत असते, आणि अधूनमधून पाण्याबरोबर वाळूसारखे काहीतरी जिभेवर येते. वरचे किटण पिवळट-पांढरे असते. खरे काम पुढच्या आठवड्यात झाले. एका वेळी जबड्याचा एकच भाग बधिर करून हिरडीखाली मुळांवरून हाताने किटण खरवडायचे. त्यासाठी वाकड्या मानेच्या बारीक चमच्यासारखी हत्यारे असतात, त्यांना क्युरेट म्हणतात. पिठल्याची कढई उलथन्याने खरवडावी तसा आवाज येतो, फरक एवढाच की कढई म्हणजे आपलेच डोके. दुखत नाही, पण आवाज हाडातून ऐकू येतो.

खरवडता खरवडता त्या मुलीने एक तुकडा कापसावर ठेवून मला दाखवला. ज्वारीच्या कणीएवढा, काळा, कोळशासारखा चमकदार. हिरडीखालचे किटण रक्त मुरून मुरून असे काळे होते. “आजी, हा किती वर्षांचा असेल सांगता येत नाही,” ती म्हणाली. मी तो नखाने दाबून पाहिला. फुटला नाही. असल्या दगडाला ब्रश, मीठ, लिंबू-सोडा, कडुनिंबाची काडी, कशाचीही मात्रा चालत नाही. मऊ थर असतो तोवर ब्रश पुरतो. लाळेतल्या क्षारांनी तो दगड झाला की मग हत्यारच लागते. एवढी साधी गोष्ट चौथीच्या परिसर अभ्यासात बसेल. मी एकतीस वर्षांत शिकवली नाही, कारण मलाच माहीत नव्हती.

घरी आल्यावर काय झाले तेही सांगते, कारण निम्मे रुग्ण इथेच पळ काढतात. गार पाणी दातांना झोंबू लागले. पुढच्या दातांमध्ये फटी दिसू लागल्या. शेजारच्या वहिनी पाहायला आल्या आणि म्हणाल्या, “सांगितलं होतं ना, साफ केले की दात खिळखिळे होतात!” हा समज महाराष्ट्रात इतका पक्का आहे की त्याच्यापुढे दंतवैद्यांनी दातांच्या कण्या केल्या तरी उपयोग होत नाही. खरे असे आहे की फटी आधीच पडलेल्या होत्या, किटणाने त्या बुजवल्या होत्या. हाड गेले होते, सूज गेल्यावर हिरडी खाली बसली आणि सगळे उघडे पडले. मुळांचा भाग उघडा पडला म्हणून गार झोंबते. माझे तीन आठवड्यांत कमी झाले. ज्या दाताभोवतीचे हाड संपले आहे तो किटणाच्या आधाराने उभा असतो, आणि आधार काढल्यावर हलतो हेही खरे. पण कुजलेल्या मेढीला भोवतालच्या चिखलाने तोलून धरले म्हणून चिखल काढणाऱ्याला कोणी दोष देत नाही. हे सगळे रुग्णाला आधी सांगितले पाहिजे. मला आधी सांगितले होते, म्हणून मी टिकले.

दोन महिन्यांनी पुन्हा हजेरी झाली. सातचे चार झाले, सहाचे तीन-चार. उजवीकडची एक दाढ मात्र वाचली नाही. बेसिन पांढरे राहू लागले. आता दर तीन महिन्यांनी जाते.

माझी साखरही थोडी उतरली. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी जी एचबीएवनसी तपासणी असते, ती ८.६ वरून ८.१ वर आली. पण त्याच काळात मी रात्रीचा भात सोडला होता, त्यामुळे श्रेय सगळे खरवडण्याला देणार नाही; विज्ञानाच्या बाईला ते शोभणार नाही. मात्र या प्रश्नावरच्या चाचण्या एकत्र करून पाहणारा कोक्रेन गटाचा २०२२ चा आढावा सांगतो की मधुमेह असलेल्यांच्या हिरड्यांवर असे उपचार केले तर तीन-चार महिन्यांनी ही सरासरी साधारण ०.४३ टक्क्याने खाली येते, आणि सहा महिन्यांनी ०.३ टक्क्याने. आकडा लहान वाटेल. पण मधुमेहाच्या दवाखान्यात एवढ्या उतारासाठी आणखी एक गोळी चिठ्ठीवर चढते, आणि ती जन्मभर घ्यावी लागते. उलटा रस्ताही तितकाच वाहता आहे. साखर चढी असली की हिरड्या लवकर सुजतात, हाड लवकर झिजते. नॉर्वेत जन्मलेल्या हाराल्ड ल्यो या दंतसंशोधकाने १९९३ मध्येच हिरड्यांच्या या आजाराला मधुमेहाचा सहावा उपद्रव म्हटले होते. डोळे, मूत्रपिंड, नसा, रक्तवाहिन्या आणि न भरणाऱ्या जखमा हे पहिले पाच. त्या पाचांची आपल्या दवाखान्यात काही ना काही विचारपूस होते.

सगळ्या तोंडातल्या सुजलेल्या खिशांचे अस्तर उलगडून पसरले तर काही चौरस सेंटिमीटरची उघडी जखम निघते. तेवढी जखम माझ्या टाचेवर असती तर त्या दवाखान्यात धावपळ झाली असती. ती तोंडात होती, म्हणून मी अकरा वर्षे गोळ्या घेऊन परत येत राहिले.

या ल्यो यांची आणखी दोन कामे आपल्या कामी येतील अशी आहेत. १९६५ मध्ये डेन्मार्कमध्ये त्यांनी बारा निरोगी माणसांना दात घासणे बंद करायला सांगितले. दहा ते एकवीस दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर आठवडाभरात पूर्ववत झाल्या. म्हणजे पहिली पायरी पूर्ण परतीची आहे, आणि ती घरच्या ब्रशने चढता-उतरता येते. आपल्याकडे रक्त दिसले की माणूस ब्रश थांबवतो आणि बोटाने मंजन लावतो; नेमके उलटे. दुसरे काम आपल्या शेजारचे, श्रीलंकेतल्या चहामळ्यांतले. १९७० पासून पंधरा वर्षे त्यांनी ४८० मळेकामगारांची तोंडे पुन्हा पुन्हा तपासली. हे कामगार ब्रश वापरत नव्हते, दंतवैद्य त्यांच्यापर्यंत पोचलेला नव्हता, सगळ्यांच्या दातांवर किटण होते. तरीही ११ टक्के लोकांचा आजार हिरडीच्या सुजेपलीकडे गेला नाही. ८१ टक्क्यांचा सावकाश वाढला. आणि ८ टक्क्यांचा इतक्या झपाट्याने, की चाळिशी-पंचेचाळिशीत त्यांचे जवळपास सगळे दात गेले.

वर्गात चाळीस मुले असतात, पण रोज वहीत डोकावावे लागते ती तीन-चार मुलांच्या. इथेही तेच आहे.

म्हणून, मंत्रिमहोदय, मी असे मागत नाही की राज्यातल्या प्रत्येकाचे दात दर सहा महिन्यांनी सरकारने साफ करावेत. तसा आग्रह धरणाऱ्या जाहिराती मी पाहिल्या आहेत. पण ज्यांना गंभीर आजार नाही आणि जे नियमित दंतवैद्याकडे जातात, अशांच्या बाबतीत दर सहा महिन्यांच्या ठरावीक सफाईने दोन-तीन वर्षांत हिरड्यांना फारसा फरक पडत नाही, असे ब्रिटनमधल्या मोठ्या चाचण्यांवर आधारलेल्या २०१८ च्या आढाव्यात दिसले आहे. सरकारी पैसा तिथे घालवू नका. तो मधुमेहींसाठी, तंबाखूवाल्यांसाठी आणि ज्यांचे आकडे चारच्या पुढे गेले आहेत त्यांच्यासाठी खर्च करा. ते कोण हे कळायला आधी कोणीतरी तोंडात पाहिले पाहिजे.

आणि तोंडात पाहणे तर आपल्याकडे चालूच आहे! असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तीस वर्षांवरच्या माणसांचा रक्तदाब आणि साखर तपासतात, आणि त्याच फेरीत तोंडाचा कर्करोग आहे का हेही पाहतात. आमच्या उपकेंद्रात मी स्वतः रांगेत उभी राहिले आहे. ताईंनी आ करायला लावले, गालाच्या आत बॅटरी मारली, जीभ वर करायला सांगितली, “चट्टा नाही” म्हणाल्या आणि पुढच्या बाईला बोलावले. त्या उजेडात माझ्या सुजलेल्या लालभडक हिरड्या त्यांच्या डोळ्यांसमोरच होत्या. दोष त्यांचा नाही. त्यांना चट्टा शोधायला सांगितले होते, त्यांनी चट्टा शोधला. बॅटरी तीच, उजेड तोच. “दात घासताना रक्त येते का? एखादा दात हलतो का?” हे दोन प्रश्न आणि त्यांच्या उत्तराचा एक रकाना, एवढेच वाढवायचे आहे. मधुमेहाच्या कार्डावरही तसाच एक.

पण रकान्यात ‘हो’ लिहिल्यावर त्या बाईला पाठवणार कुठे? इथे मात्र पैसा लागेल. माझ्या तालुक्यातल्या एका सरकारी रुग्णालयात दंतशल्यचिकित्सक आहेत, खुर्ची आहे, आणि किटण काढायचे यंत्रही आहे. मी तिथे आधी गेले होते. यंत्रावर हिरवे कापड होते. डॉक्टर भले गृहस्थ, कापड उचलून दाखवत म्हणाले, “टिप झिजली आहे. मागणी दिली आहे.” मागणी देऊन आठ महिने झाले होते. बोटाच्या पेराएवढा तो धातूचा तुकडा. टोक एक मिलिमीटर झिजले की काम पावपट घटते आणि दोन मिलिमीटर झिजले की निम्मे, असा या कामातला ठोकताळा आहे; त्यांचे टोक तर बोथट खिळा झाले होते. “हलणारा काढून देतो, तेवढे होईल,” ते म्हणाले. त्यांच्या खोलीबाहेर बसलेल्या सगळ्यांना त्या दिवशी तेच मिळाले. दात काढायच्या चिमट्याला टिप लागत नाही.

मी काढू दिला नाही, कारण निवृत्तिवेतन आहे, एसटीने जिल्ह्याबाहेरच्या महाविद्यालयात चार खेपा करण्याइतका वेळ आहे, आणि सून हट्टी आहे. माझ्या बाजूला बाकावर बसलेल्या ऊसतोडीच्या बाईला यातले काहीच नव्हते. तिने दोन दात काढून घेतले, कापूस दाबून धरला आणि दुपारच्या आत गाडीतळावर परत गेली. वय विचारले तर तिने अडतीस सांगितले.

माणसांचाही प्रश्न आहे. हिरड्यांखाली एकेक मूळ खरवडायला वेळ लागतो. एका रुग्णाचे चार-चार तास. रोज पन्नास-साठ रुग्ण पाहणाऱ्या एकट्या डॉक्टरने ते करावे ही अपेक्षाच चूक. यासाठी जगात वेगळा व्यवसाय आहे. अमेरिकेतल्या ब्रिजपोर्ट गावच्या आल्फ्रेड फोन्स या दंतवैद्याने १९०६ मध्ये आपल्या मदतनीस आयरीन न्यूमन यांना हे काम शिकवले आणि १९१३ मध्ये त्याची शाळा काढली. तिथून शिकून निघालेल्या बायकांनी पहिली मोठी कामगिरी गावातल्या शाळांमध्ये केली. आपल्याकडेही १९४८ च्या दंतवैद्यक कायद्यात डेंटल हायजिनिस्ट हा वर्ग होता. म्हणजे स्वतंत्र भारताच्या कायद्याला तो पहिल्यापासून माहीत आहे. माझ्या एकतीस वर्षांच्या नोकरीत आणि त्यानंतर मला असा एकही माणूस सरकारी दवाखान्यात भेटला नाही. उपजिल्हा रुग्णालयांत ही पदे निर्माण करा आणि भरा. दोन वर्षांच्या शिक्षणात हे काम येते, आणि बारावी विज्ञान झालेल्या आमच्या गावच्या कितीतरी मुली नर्सिंगच्या पलीकडे काय आहे हे विचारत माझ्याकडे येतात.

आईचा तो दात कोनाड्यात बरीच वर्षे होता. घर पाडले तेव्हा हरवला. आता मला वाटते, त्याच्या मुळावर काळा थर होता. तेव्हा आम्हाला ती मशेरी वाटली होती.

आपण कामात असता, याची कल्पना आहे. या पत्राला उत्तर आले नाही तरी माझी तक्रार नाही. रकान्याचा आदेश काढायला वेळ लागेल, पदांना त्याहून जास्त. तोवर निदान राज्यातल्या प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयाला फोन करून किटण काढायचे यंत्र चालू आहे का, एवढे विचारायला सांगा. आणि जिथे त्याच्यावर हिरवे कापड आहे तिथे टिप पाठवून द्या.

आपली,
एक सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षिका
जिल्हा सातारा